गव्हाच्या टोकावरचा थेंब: तीन महिन्यांच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार (वाई)

नव्या वर्षाचं टेबल कॅलेंडर घरीच करायचं ठरवलंय. बारा पानं, बारा फोटो, सगळे झाडांवरच्या पाण्याच्या थेंबांचे आणि शक्यतो आमच्याच अंगणापरसातले. पंचवीस प्रती काढायच्या आणि नातेवाइकांत वाटायच्या. छापखान्यानं १५ डिसेंबरपर्यंत फाइल मागितली आहे. म्हणजे बारा आठवडे, आठवड्याला एक फोटो. कागदावर फारच सोपं दिसतंय.

सामान असं: भावानं वापरून दिलेला कॅनन ७००डी, ५० मिमी १.८ ची जुनी लेन्स आणि १८-५५ ची किट लेन्स. खास मॅक्रो लेन्स घ्यायची म्हटलं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. म्हणून लेन्स उलटी लावायची. त्यासाठी रिव्हर्स रिंग २५० रुपये, आणि १३, २१, ३१ मिमीच्या प्लास्टिकच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणाऱ्या पोकळ नळ्या) ४५० रुपये.

पहिली चूक पार्सल उघडल्याबरोबर. मी मागवली ५८ मिमीची रिंग आणि ५० च्या लेन्सचे आटे निघाले ५२ चे. ५८ हा आकडा किट लेन्सचा. हा आकडा लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो, तो आधी बघा. दुसरी रिंग मागवली, आणखी २५० गेले.

तोवर नुसत्या ट्यूब लावून सुरुवात केली. ५० च्या लेन्समागे ६५ मिमीच्या ट्यूब म्हणजे सेन्सरवरचं चित्र वस्तूच्या साधारण १.३ पट. जास्वंदीच्या पानांवर इस्त्रीच्या बाटलीनं पाणी फवारलं आणि साडेतीन तासांत १४० फोटो काढले. एकही ठेवण्यासारखा नाही. ट्यूबमध्ये विजेचे संपर्क नाहीत, त्यामुळे लेन्सचं भोक पूर्ण उघडं, १.८ वरच राहिलं. केसाएवढी रेघ स्पष्ट आणि बाकी सगळं धुकं. शिवाय बोअरचं पाणी सुकलं की पानावर पांढरी वर्तुळं राहतात, ती फोटोत थेंबापेक्षा जास्त उठून दिसतात. आणि जास्वंदीच्या पानावर पाणी थेंब म्हणून उभंच राहत नाही, पसरतं.

२९ सप्टेंबर, रविवार

अंगणाचा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला, कासला जाऊन आलो. पुतण्याला सोनकी बघायची होती, मला दवबिंदू. म्हणजे दवबिंदू नावाची वनस्पती, ड्रॉसेरा. पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चमकणारे थेंब असतात. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हातही ते तसेच होते, कारण ते पाणी नाहीच. तो चिकट द्राव आहे, किडे धरायचा. आमच्यासमोर एक चिलटाएवढा जीव त्यात पाय झाडत होता.

लेन्स उलटी लावली की वस्तूपासून पाचेक सेंटीमीटरवर यावं लागतं. एवढं जवळ जायचं तर पठारावर आडवं पडून आजूबाजूची दहा-वीस रोपं चिरडावी लागली असती. त्यात सीतेची आसवं होती, गेंद होते. हे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याचं कारण नेमकं ही बोटभर उंचीची रोपं. वाटेवर उभं राहून किट लेन्सनं जमलं तेवढं काढलं. एक बरा फोटो आला. कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान झालं, असं धरून चालते.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. ५२ ची रिंग आली.

आधी भोकाचा प्रश्न. लेन्स सरळ लावायची, एफ/८ ठेवायचं (हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान), लेन्सजवळचं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढायची. भोकाची पाती आहेत तिथेच बंद राहतात. हे करताना लेन्स सोडवायचं बटणही दाबायचं असतं, म्हणजे तिसरा हात लागतो. पुतण्याचा घेतला.

मग उलटी लेन्स अधिक ६५ मिमी ट्यूब. किती पट झालं हे गणितानं काढत बसू नका. स्टीलच्या पट्टीचा फोटो काढा. माझ्या फोटोत पट्टीचे ११ मिमी मावले. सेन्सर २२ मिमी रुंद, म्हणजे दुप्पट. त्यातून आणखी एक फायदा: फोटो ५१८४ पिक्सेल रुंद, म्हणजे मिलिमीटरला ४७० पिक्सेल. यापुढे कुठलाही थेंब पिक्सेल मोजून मापता येईल.

एफ/१६ करून पाहिलं, जास्त भाग स्पष्ट येईल म्हणून. सगळं पिठलं झालं. दुपटीला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/४८ सारखं वागतं आणि एवढ्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो. एफ/८ वर परत आले. तिथे एका फोटोत पाव मिलिमीटर स्पष्ट येतं. हो, पाव.

न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आहे. त्यावर इन्शुलिनच्या सिरिंजनं (१० रुपये) थेंब ठेवले. पाणी बॅटरीत घालायचं, ३० रुपये लिटर. ते सुकलं तरी डाग पडत नाहीत. अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार ज्यानं काढला त्यानं नक्कीच त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला असणार. थेंब ठेवला की घरंगळून मोरीत. शेवटी देठ जिथे पानाला चिकटतो तिथल्या खोलगट जागेत राहिला. दोन-तीन मिमीपर्यंत थेंब गोटीसारखा गोल राहतो, पाचच्या पुढे गेला की स्वतःच्या वजनानं चपटा होतो. खालून तो पाऱ्यासारखा चकाकतो, कारण पान आणि थेंब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर अडकलेला असतो.

आणि मी काय केलं? पान धुळकट दिसलं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. त्या जागी परत थेंब उभा राहिला नाही, नुसता ओला डाग. पानावरचं मेण मीच काढून टाकलं होतं. पान बदललं. ऑगस्टचं पान झालं.

८ ऑक्टोबर, मंगळवार, सहावी माळ

आजची नोंद महत्त्वाची आहे.

सकाळी देवघरात दिवा लावताना लक्ष गेलं. घटाच्या वावरीत गव्हाचे कोंब चांगले बोट-दीड बोट वर आलेत आणि प्रत्येकाच्या टोकावर एक-एक थेंब. अगदी टोकावर, टाचणीच्या डोक्यासारखा. आईंनी (सासूबाईंनी) पाणी घातलं होतं काल संध्याकाळी, तेही मुळाशी. देवघराला खिडकी नाही. दव पडायचा प्रश्नच नाही.

म्हणजे हे पाणी कोंबानं स्वतःच बाहेर टाकलंय. माती ओली, हवा दमट, रात्री पानातून वाफ जात नाही. मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात आणि ते टोकाच्या छिद्रातून बाहेर येतं. याला गटेशन म्हणतात. इतकी वर्षं नवरात्रात बघतेय आणि दरवेळी मला ते आईंनी शिंपडलेलं पाणी वाटायचं.

वारा नाही, फवारणी नाही, सगळे थेंब एका आकाराचे आणि रोज सकाळी हजर. मी म्हटलं, “आई, घट जरा दारापाशी घेऊ का? पाच मिनिटं.”

“अगं, घट हलवतात का? दसरा होऊ दे.”

दसऱ्याला घट उठला आणि कोंब टोप्यांत आणि वेण्यांत गेले. तसंही अंधारात वाढलेले, पिवळेधमक होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

स्वतःचा गहू पेरला. घरातलाच, दळायला ठेवलेला, दोन मुठी. मिठाईच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये परसातली माती. झाकायला माळ्यावरचा जुना फिशटँक, उलटा करून.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला ट्रे फेकून दिला. ट्रेला खाली भोकं नव्हती, मी रोज पाणी घालत राहिले आणि वरून फिशटँक. बिया कापसासारख्या पांढऱ्या बुरशीत गुंडाळल्या गेल्या, वास आला. पाच दिवस वाया. दुसरा ट्रे: तापवलेल्या सळईनं बारा भोकं, गहू एक रात्रच भिजवलेला, आणि कोंब दोन बोटं होईपर्यंत फिशटँक लावायचा नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

थेंब आले! संध्याकाळी सात वाजता कोमट पाणी घातलं, फिशटँक पालथा घातला, सकाळी सहाला प्रत्येक टोकावर थेंब. मोजला: ९४० पिक्सेल, म्हणजे दोन मिमी.

ट्रे पडवीत स्टुलावर ठेवला. त्याच्या मागे दोन मीटरवर तुळशीवृंदावन. थेंबात डोकावलं तर अख्खं वृंदावन आत, खाली डोकं वर पाय. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठं करून बघितलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

पण फोकस जुळेना. थेंबाची कड स्पष्ट केली की आतलं वृंदावन विरघळलेलं. कॅमेरा पुढे सारला, आणखी विरघळलं. मागे घेतला तर मधेच क्षणभर दिसलं आणि गेलं. हातानं ट्रायपॉड ढकलून हे जमणार नाही. आठला ऊन आलं, सव्वाआठला थेंब गेले.

२७ ऑक्टोबर, रविवार

फोकसिंग रेल (मूठ फिरवून कॅमेरा किंचित मागेपुढे सरकवायची पट्टी) आली, १३५० रुपये. सगळ्यात मोठा खर्च हाच आणि हा आधी करायला हवा होता. दहा फेऱ्यांत १२ मिमी सरकते, म्हणजे फेऱ्याला १.२ मिमी. मुठीवर नेलपॉलिशनं आठ खुणा केल्या. एक खूण म्हणजे ०.१५ मिमी.

आता कळलं. थेंबाची कड स्पष्ट झाल्यावर रेल मागे फिरवत गेले. तेरा खुणांवर, म्हणजे जवळजवळ दोन मिमी मागे आल्यावर, वृंदावन लख्ख. थेंबाच्या आत दिसणारं चित्र थेंबाच्या आत नसतंच. ते थेंबाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला, हवेत तयार होतं. दोन मिमीचा थेंब, मध्यापासून चित्र दोन मिमीवर. तीन मिमीच्या थेंबाला तीन मिमी. मी मूर्खासारखी कॅमेरा पुढे नेत होते आणि चित्र होतं मागे.

ज्यांना हे करायचंय त्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल: कड जुळवा आणि मग मागे या.

झेंडूचं फूल लावूनही पाहिलं. थेंबामागे पाच सेंटीमीटरवर धरलं तर त्याच्या पाकळ्याच थेंबभर झाल्या, फूल मावेना. बारा सेंटीमीटरवर नेलं तेव्हा पूर्ण फूल बसलं. झेंडू कसाही फिरवला तरी सारखाच दिसतो, त्यामुळे उलटासुलटा प्रश्न नाही. ऑक्टोबरचं पान.

२८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद. चकल्या मात्र फोटोजेनिक झाल्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस. लेन्स उलटी म्हणजे तिची मागची बाजू, जी एरवी कॅमेऱ्याच्या पोटात सुरक्षित असते, ती बाहेर उघडी. सिरिंजनं थेंब लावताना हात हलला आणि पाणी थेट तिथे, काचेवर आणि सोनेरी संपर्कांवर. पुसलं, सुकलं असं वाटलं. संध्याकाळी भोक लावायला लेन्स सरळ बसवली तर कॅमेऱ्यावर एरर ०१.

इथपर्यंत सुधारता आलं असतं. पण मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात हे डोक्यात. लेन्स रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सातारला दुरुस्तीवाल्याकडे. त्यांनी फोकसची कडी फिरवली, कान लावला आणि म्हणाले, “ताई, भात लावला होता का?” तांदळाची पावडर आत गेली होती. पाण्यानं झालेलं नुकसान पेन्सिलच्या रबरानं संपर्क घासून दोन मिनिटांत गेलं. पावडर काढायला ९०० रुपये आणि एक आठवडा.

उपाय त्यांनीच सुचवला: १३ मिमीची सगळ्यात छोटी ट्यूब लेन्सच्या उघड्या मागच्या बाजूला टोपीसारखी लावायची. तेवढंच संरक्षण. थेंब थोडा कमी मोठा दिसतो, चालतं. आणि लेन्स तांदळात नाही, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लेन्स कालच आली. परवा तुळशीचं लग्न झालं. वृंदावनाला नवा गेरू, चुन्याच्या रेघा, चारी बाजूंनी ऊस आणि वर आवळा-चिंचेची डहाळी. वर्षात एवढं देखणं ते आत्ताच असतं. गव्हाचा तिसरा ट्रे (थंडीमुळे आठ दिवस लागले) बरोबर तयार.

पहाटे फिशटँक काढून आत कॅमेरा आणायला गेले. परत येते तो मांजर ट्रेपाशी बसून कोंब कुरतडतंय. शांतपणे, एका बाजूनं, कणीस सोलल्यासारखं. ट्रेचा डावा निम्मा भाग गेला. मांजरांना कोवळं गवत आवडतं हे मला माहीत होतं, पण या कामाशी त्याचा संबंध येईल असं वाटलं नव्हतं. फिशटँकवर आता पाटा ठेवते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झाला. कॅलेंडरचा फोटो झाला.

उरलेल्या निम्म्या ट्रेमधून एक कोंब निवडला, बाजूचे कात्रीनं कापले. अगदी सरळ ताठ कोंब नको. टोक किंचित झुकलेलं असलं की थेंब खाली लोंबतो आणि मागचं चित्र मोकळं मिळतं. सात चाळीसला वृंदावनावर ऊन आलं. फिशटँक पूर्ण काढला नाही, पुढची बाजू विटेवर टेकवून उचलली, आतली दमट हवा टिकावी म्हणून. आयएसओ ४००, एफ/८, १/६० सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. कडेपासून मागे अठरा फोटो, प्रत्येक वेळी एक खूण; नंतर ते जोडून कड आणि वृंदावन दोन्ही स्पष्ट असलेला एकच फोटो करायचा.

पहिला संच: सातव्या फोटोला मीच सुस्कारा सोडला, थेंब हलला. दुसरा: दूधवाला आला. तिसरा: अठरा फोटोंना चार मिनिटं लागली आणि तेवढ्यात थेंब सुकून लहान झाला, पहिल्या आणि शेवटच्या फोटोत ४० पिक्सेलचा फरक. चौथा दुसऱ्या कोंबावर, अडीच मिनिटांत, पंचा नाकातोंडावर बांधून. हा जमला.

१७ नोव्हेंबर, रविवार

जमला म्हणजे काढून झाला. जोडताना पुन्हा रडगाणं. झिरीन स्टॅकर या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरची महिनाभराची चाचणी प्रत घेतली. अठरा फोटो दिले, त्यातली पीमॅक्स ही जोडायची पद्धत लावली. कड उत्तम, वृंदावन उत्तम, पण वृंदावनावर कोंबाच्या कडेची भुतासारखी सावली आणि थेंबावरच्या धुळीचे कण उसाच्या पानांत मिसळलेले. डीमॅप या दुसऱ्या पद्धतीनं सावली गेली, पण थेंबाभोवती तेजोवलय आलं, एखाद्या संताच्या फोटोसारखं.

कारण सरळ आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी एकच सर्वांत स्पष्ट गोष्ट निवडतं. थेंब पारदर्शक; एकाच ठिकाणी दोन गोष्टी स्पष्ट आहेत, पुढच्या फोटोत एक आणि मागच्या फोटोत दुसरी. त्याला कसं कळणार मला कुठली हवी?

शेवटी गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं केलं. थेंबाच्या आतला भाग फक्त दोन फोटोंतून (पंधरावा आणि सोळावा), कड आणि कोंब पहिले सहा जोडून केलेल्या चित्रातून, मधले सगळे टाकून दिले. कुठला भाग कुठल्या फोटोतला ते ठरवणारे मास्क रंगवायला दोन तास. अठरा फोटो काढायचे आणि आठ वापरायचे, पण कोणते आठ ते आधी कळत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता बाहेर दव पडायला लागलंय. सव्वासहाला अंगणात. दुर्वांवर दोन तऱ्हेचं पाणी आहे: पात्यांवर पिठासारखे बारीक कण आणि टोकावर एक टपोरा थेंब. खात्री करायला काल रात्री निम्म्या दुर्वांवर चार विटांवर जुनी परात पालथी टेकवून ठेवली होती. परातीखाली पाती कोरडी, पण टोकाचे थेंब तसेच. म्हणजे कण हे दव, आणि टोकाचा थेंब गवताचा स्वतःचा. दव स्कूटरच्या सीटवरही होतं, कोळ्याच्या जाळ्यावरही होतं. सीट काही मुळातून पाणी ओढत नाही.

कोळ्याच्या जाळ्याचा फोटो इथे बसत नाही, ते झाड नाही. पण ते तगरीच्या दोन फांद्यांमध्ये होतं, तेव्हा धरलं. डिसेंबरचं पान.

वाऱ्याला उपाय: तीन बाजूंनी पुठ्ठा, आणि ज्या पात्याचा फोटो काढायचा त्याला खालून कपड्यांचा चिमटा, तो चिमटा झाडूच्या काडीला बांधलेला. सव्वासातला ऊन येतं, पावणेआठला सगळं साफ. त्या अर्ध्या तासात दुर्वा, तुळशीची मंजिरी आणि कडीपत्ता एवढे तीन झाले.

५ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस ढगाळ. उकडतंय, डिसेंबरात. दव अजिबात नाही, कारण ढग असले की रात्री जमीन आणि पानं पुरेशी गार होत नाहीत. पहाटे साडेपाचला उठून चार दिवस कोरडं गवत पाहिलं. आता रात्री झोपताना आकाश बघते; चांदण्या दिसल्या तरच गजर लावते.

हातात नऊ फोटो. दहा दिवस उरले.

८ डिसेंबर, रविवार

कबुली. उरलेल्या तिघांपैकी दोन ग्लिसरिनचे आहेत.

मेडिकलमधून १०० मिलीची बाटली, ७० रुपये. निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरिन. सिरिंजनं शेवंतीच्या पाकळीच्या टोकाला थेंब लावला, तासभर हलला नाही, सुकला नाही. वारा आला, दूधवाला आला, मांजरही आलं. थेंब जागच्या जागी. काम वीस मिनिटांत झालं आणि मला अजिबात मजा आली नाही. थेंब जड दिसतो, मधासारखा. ज्यानं खऱ्या थेंबांत दोन महिने घालवलेत त्याला तो ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी त्या पाकळ्या तपकिरी होऊन आकसल्या, ग्लिसरिननं त्यांचं पाणी ओढून घेतलं. दाखवायच्या फुलावर लावू नका. देवाच्या फुलावर तर नकोच, मला त्यावरून बोलणी बसली.

तिसरा पुन्हा अळू. अळूनं कधी दगा दिला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

फाइल दिली, एक दिवस आधी. सामानाचा आतापर्यंतचा खर्च: दोन रिंगा ५००, ट्यूब ४५०, रेल १३५०, लेन्सची दुरुस्ती ९००, बाकी किरकोळ मिळून दीडशेच्या आसपास. ३३५० रुपये, त्यातले ११५० निव्वळ माझ्या चुकांचे. छपाई पंचवीस प्रतींची २७५०, वेगळी. फोटो एकूण चार हजार शंभर, वापरले बारा.

२४ डिसेंबर, मंगळवार

गठ्ठा आला. कागद चांगला, रंग चांगले, अळूचा पारा तर पडद्यापेक्षा छान आलाय. भराभर पानं उलटत नोव्हेंबरला आले.

नोव्हेंबरच्या पानावर गव्हाचा कोंब आकाशातून खाली उतरलाय आणि त्याच्या टोकावरचा थेंब वरच्या दिशेनं लोंबतोय.

छापखान्यात फोन केला. तिथला मुलगा अगदी उत्साहानं म्हणाला, “हो ताई, तो फोटो उलटा आला होता ना. तुळस खाली डोकं वर पाय. मी सरळ केला.”

पंचवीसच्या पंचवीस प्रती. मी गठ्ठा तसाच पडवीत ठेवला आणि एक प्रत आईंना दिली. त्यांनी चष्मा पुसला, थेंबाजवळ नाक नेऊन बराच वेळ बघितलं, आत ऊस मोजले.

“चारही दिसतात गं,” म्हणाल्या. “तुळस सरळ आहे ना? मग काय उलटं आहे?”